जवाच्या पाच भाकरी

(शास्त्रपाठ : योहान ६:१-१३)



पाच हजारांस तृप्त केल्याचा वृत्तांत चारही शुभवर्तमानांत आला आहे. परंतु त्या भाकरी कशाच्या होत्या हे मत्तय सांगत नाही, मार्क सांगत नाही, लूकही सांगत नाही. एकटा योहान सांगतो की त्या जवाच्या होत्या. हा शब्द वाचताना आपण सहसा थांबत नाही; आपले लक्ष भाकरींच्या संख्येकडे व उरलेल्या टोपल्यांकडे असते. मीही अनेक वर्षे थांबलो नाही. गेल्या वर्षीच्या हंगामाच्या सणापासून मात्र हा एक शब्द माझ्या मनातून जाईनासा झाला, आणि त्याचे कारण सांगावयाचे तर माझ्या एका चुकीची कबुली देणे मला भाग आहे.

आधी जवाविषयी. त्या देशात गहू हे सधनांचे व जव हे गोरगरिबांचे धान्य होते. शोमरोनाचा वेढा उठल्यावर वेशीत काय भाव होईल हे अलीशा संदेष्ट्याने आधीच सांगितले, ते २ राजे ७ व्या अध्यायात पाहा : ज्या एका शेकेलास सपिठाचे एक माप, त्याच शेकेलास जवाची दोन मापे. म्हणजे जवाची किंमत निम्मी. शलमोनाच्या घोड्यांपुढे जव टाकीत असत. गिदोनाच्या काळी मिद्यानी छावणीतील एका शिपायास स्वप्न पडले की जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिने तंबू उलथून टाकला. त्याच्या सोबत्याने ती भाकर म्हणजे गिदोन, असे तत्काळ ओळखले. का ओळखले? ज्यांची पिके दरसाल लुटली जात, ज्यांना गहू झोडावयाचा तर द्राक्षकुंडात लपून झोडावा लागे, त्या दीन लोकांस शत्रू जवाच्या भाकरीवरूनच ओळखत असावा.

अशी ती भाकर. ती एका मुलाजवळ होती, आणि आंद्रियाने ती दाखविली तीही संकोचानेच. प्रभूने ती हाती घेतली, तिच्याबद्दल उपकारस्तुती केली व ती वाटली. काना गावी ज्याने पाण्याचा द्राक्षारस केला, त्यास जवाचा गहू करणे अवघड नव्हते. त्याने तो केला नाही. बारा टोपल्या भरल्या त्या जवाच्याच तुकड्यांनी भरल्या, हेही योहानाने मुद्दाम नोंदवून ठेविले आहे.

आता माझी गोष्ट. आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेतील मुलांस वचन पाठ केल्याबद्दल बक्षीस देण्याची रीत आहे. पूर्वी चित्रे देत असत. मी आल्यावर, मुले अधिक आनंदाने येतील या हेतूने, दुकानातील पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊच्या पुड्या देऊ लागलो. मुले आली, वचनेही पाठ झाली. गेल्या वर्षी सणाची उपासना आटोपल्यावर एक बाई, धाकटे मूल कडेवर घेऊन, माझ्याकडे आली व म्हणाली, “पाळकबाबा, माझं थोरलं पोरगं आता भाकर खात नाही. ताट सरकवतं, पुडी मागतं.” मी तिला मुलांस शिस्त लावण्याविषयी काही सांगू लागलो. तिने सर्व ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “शिस्त काय लावू? तुम्ही शहाण्या पोराला पुडी देता. मग घरची भाकर ढ पोराची झाली ना?”

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी व्यासपीठापुढे जोंधळ्याची कणसे, हरभऱ्याचे डहाळे, तूर, करडई आणि दोन मोठे भोपळे मांडलेले होते. हे सर्व देवाने दिले म्हणून आम्ही गायिलो होतो. आणि दारात उभा राहून मी मुलांच्या हाती जे देत होतो, त्यात त्या राशीतले ओळखू येईल असे काहीच नव्हते.

ही लाज कोठून आली याचा विचार केला पाहिजे, कारण ती केवळ मुलांची नाही. मी घरभेटीस जातो तेव्हा टोपलीतील भाकर फडक्याखाली झाकली जाते आणि कोणास तरी बिस्किटे आणण्यास पिटाळले जाते. मी ती बिस्किटे चहात बुडवून मुकाट्याने खात आलो, म्हणजे ती लाज मीही पक्की केली. आपल्यांपैकी पुष्कळांचे आजेपणजे गावकीची कामे करून, सांजवेळी दारोदार हाक देऊन, शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करीत. ते तुकडे वरून टाकले जात. ज्या मुलाने आपल्या आजीस त्या टोपलीसह पाहिले, त्यास पुढे नोकरी लागल्यावर पाव व बिस्किटे ही मोकळीक वाटली असेल, तर मी त्यास हसणार नाही. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पांढऱ्याशुभ्र भाताचे त्यांस किती अप्रूप, हे मी पाहिले आहे. परंतु बंधूंनो, नीट पाहा : ती लाज जोंधळ्याची नव्हती, मागण्याची होती. अपमान देणाऱ्याच्या हातात होता, दाण्यात नव्हता. मागणे सुटले ही देवाची कृपा. त्याबरोबर आपण दाणाही टाकला, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की पाळक आता सोवळेओवळे शिकवू लागला. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून मी पुढे जाणार नाही. योप्पा येथे धाब्यावर पेत्रास झालेला दृष्टांत, आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, हे आम्ही विसरलो नाही. बिस्कीट खाल्ल्याने कोणी विटाळत नाही व भाकर खाल्ल्याने कोणी तरत नाही. शेजाऱ्याच्या ताटात डोकावून त्याचा न्याय करणे हे पुडीतल्या मिठाहून अधिक अपायकारक आहे. शास्त्राचीही ओढाताण नको. दानीएलाने शाकान्न मागितले ते प्रकृती सुधारावी म्हणून नव्हे, राजाच्या पक्वान्नाने आपण विटाळू नये म्हणून. त्यावरून कोणी वैद्यक रचू नये. परदेशात यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायातील धान्ये एकत्र करून पाव भाजतात व तो संदेष्ट्याच्या नावाने विकतात. घेणाऱ्यांपैकी कितीजण तो अध्याय शेवटपर्यंत वाचतात कोण जाणे. ती तर वेढ्यात अडकलेल्या नगराची, तोलून तोलून खावयाची, दुःखाची भाकर आहे.

मग आम्ही या विषयावर बोलतो का? शरीर आपल्या मालकीचे नाही, त्याची किंमत दुसऱ्याने भरली आहे, असे पौलाने करिंथ येथील मंडळीस बजाविले, म्हणून. दुसऱ्याची वस्तू हाती असलेला मनुष्य ती जपतो. आणि जपावयाची तर ती कशाने बिघडते हे कळावे लागते. ते कळण्यासाठी देवाने डोळे व बुद्धी दिली आहे. त्या बुद्धीच्या एका कामाची हकीकत येथे सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या धर्मशिक्षकांस ठाऊक असावी असे मला वाटते.

जावा बेटावर डच लोकांचे राज्य होते तेव्हा तेथे बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक, खलाशी व कैदी मरत. पाय बधिर होत, चालवेनासे होई, अंगावर सूज येई, आणि शेवटी हृदय थकून थांबे. १८८६ साली डच सरकारने या रोगाच्या शोधासाठी वैद्यांचे मंडळ पाठविले. रोग जंतूंपासून होतात हा शोध तेव्हा ताजा होता, म्हणून मंडळाने जंतूच शोधला. त्यांच्याबरोबर ख्रिस्तियान आइकमन नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. तो पुढे बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथील प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून मागे राहिला. एके दिवशी प्रयोगशाळेतील कोंबड्या लटपटू लागल्या. ज्यांस रोग्याचे रक्त टोचले होते त्या आजारी, आणि ज्यांस काहीच टोचले नव्हते त्याही आजारी. मग काही महिन्यांनी, कोणी औषध दिल्यावाचून, त्या बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले की मधल्या काळात त्यांस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घालीत होते. पुढे आचारी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांस मिळणार नाही, असे नव्या आचाऱ्याने सांगितले, आणि त्यांस पुन्हा बाजारचा हलका, कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागला. एका आचाऱ्याच्या हट्टाने जे दिसले ते मंडळाच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसले नव्हते.

त्यानंतर जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी झाली. जेथे कैद्यांस यंत्रात घासून पांढरा केलेला तांदूळ मिळे, तेथे रोग पुष्कळ. जेथे कोंडा राहिलेला तांदूळ मिळे, तेथे तो क्वचित. तरीही आइकमन यास वाटे की भातात काही विष असावे व कोंडा हा त्यावरील उतारा असावा. त्याच्या जागी आलेला ग्रेन्स याने १९०१ साली निराळे सांगितले : भातात काही आलेले नाही, भातातून काही गेलेले आहे. १९२६ साली जावातच यान्सन व डोनाथ यांनी ते द्रव्य कोंड्यातून स्फटिकांच्या रूपाने वेगळे केले. आज त्यास थायमिन अथवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. १९२९ साली आइकमन यास नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

त्या कोंबड्यांचे पोट भरलेले होते, हे ध्यानात असू द्या. भरल्या पोटी त्या उपाशी होत्या, आणि ज्याने उपाशी ठेविले ते अन्न दिसावयास अधिक स्वच्छ होते.

प्रत्येक दाण्यास साल असते, आत पांढरा गाभा असतो, आणि एका टोकास अंकुर असतो. लोह, ब-गटातील जीवनसत्त्वे व चोथा यांचा मोठा भाग साल व अंकुर यांत असतो. गाभा बहुतेक पिष्टाचा. जोंधळा व बाजरी आपण सबंध दळतो, म्हणून तिन्ही भाग भाकरीत येतात. मैदा म्हणजे गव्हाचा केवळ गाभा. शास्त्रात ज्यास सपीठ म्हटले आहे त्याहूनही हा गोरा. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते अशी घरोघरी तक्रार असते, आणि म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे लागते. पण ते कडू होते याचे कारण अंकुरातील तेल त्यात शिल्लक असते. मैद्यातून ते अंकुराबरोबर आधीच गेलेले असते, म्हणून तो पुष्कळ टिकतो. अरण्यातला मान्नाही दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत नसे. कोकणातील आपले बंधू उकडा तांदूळ खातात, त्यातही शहाणपण आहे. भात सालीसकट उकडला असता सालीखालचे ब-१ दाण्यात मुरते, आणि मग तो कांडला तरी पुष्कळसे आतच राहते. त्यांच्या आज्यांस थायमिन ठाऊक नव्हते; उकड्याची पेज अंगी लागते, एवढे ठाऊक होते.

परंतु आज आपल्या गावच्या दुकानात जे लटकते आहे, ते जावातील तांदळाच्याही पुढचे आहे. तेथे दाण्यातून काही काढले होते. येथे काढून झाल्यावर भरही घातली आहे : मीठ, साखर, पामतेल, रंग, वास. अमेरिकेत २०१९ साली केव्हिन हॉल या संशोधकाने वीस स्त्रीपुरुषांस चार आठवडे इस्पितळात ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न, दोन आठवडे साधे, घरगुती रीतीचे अन्न. दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश, मीठ व चोथा यांचे प्रमाण सारखे मांडलेले, आणि हवे तितके खाण्यास मोकळीक. कारखान्याच्या अन्नावर असताना ती माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात व दोन आठवड्यांत सरासरी सुमारे ०.९ किलो वाढली. साध्या अन्नावर तितकीच उतरली. त्यांस कोणी आग्रह केला नव्हता. हे वाचताना बाबेलातील त्या दहा दिवसांची आठवण होते खरी, जरी वर मीच तिजबद्दल सावध केले आहे.

आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. हा सारा दोष पुडीवर घालणे अन्यायाचे होईल. वय, कुळ, बसून राहणे, तंबाखू, आणि ताटातील भाताचा डोंगर यांचाही त्यात वाटा आहे. पण माझ्या दहा वर्षांच्या घरभेटींत औषधाच्या गोळ्यांचा डबा हा पवित्र शास्त्राच्या शेजारचा नेहमीचा सोबती होऊन बसला आहे, हे मी कसे न पाहावे?

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. जे निसर्गातून आले ते सर्व चांगले, असे नाही. लाखेची डाळ शेतातच पिकते; पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. उलट आयोडीन घातलेले मीठ कारखान्यातून येते, आणि त्याने गलगंड टळतो. ते सोडू नका. गुळासही आम्ही उगाच मोठेपण देणार नाही. मधुमेह्याच्या रक्तास गूळ व साखर यांतला भेद फारसा कळत नाही. आणि भाकर सुरू केली म्हणून डॉक्टरांची गोळी कोणी परस्पर बंद करू नये. असे झालेले मी पाहिले आहे, व त्या मनुष्यास रात्रीच तालुक्याच्या गावी न्यावे लागले.

दुसरी गोष्ट पुरुषांसाठी आहे. भाकरीचा उपदेश पुरुषाने करावा आणि भाकर बाईने थापावी, हा सोपा धर्म आहे. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. तेथे बाई पहाटे अंधारात उठते, दिवसभर मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहते, आणि परत कोपीवर येऊन चूल पेटविते. तिने एखाद्या सांजेस पोरांच्या हाती पुडी दिली, तर तिला दोष देणाऱ्या पाळकाने आधी एक दिवस मोळ्या वाहाव्यात. पीठ दळून आणणे, सरपण फोडणे, मटकी भिजत घालणे, चटणी कुटणे, यांपैकी कोणत्या कामास पुरुषाचा हात लागल्याने तो झिजतो? फुटाणे, शेंगदाणे, जोंधळ्याच्या लाह्या, उकडलेले अंडे, हंगामातली बोरे व पेरू, यांस चूलही फारशी लागत नाही. आणि मुलाच्या खिशात ती पुडीइतकीच सहज मावतात, निदान अंड्यावाचून बाकीची.

धर्मशिक्षक बंधूंस माझी एक विनंती आहे. रेशनचा तांदूळ व गहू ही गरिबाची मोठी सोय आहे. तिला नावे ठेवू नका. तांदूळ फार पाण्यांतून धुऊ नये व पेज फेकू नये, एवढे सांगा. आणि रविवारच्या शाळेतील मुलांकडून पुडीची मागची बाजू वाचवून घ्या. त्यावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. जे सर्वांत अधिक ते सर्वांत आधी. आमच्या मुलांनी ज्या बिस्किटांच्या पुड्याची बाजू वाचली, त्यावर पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल निघाले. पुढच्या बाजूस दूध व गव्हाच्या लोंब्या होत्या. एका मुलीने विचारले की चित्र खोटे आहे काय. मी म्हणालो, खोटे नाही, पण साक्ष अर्धी आहे; आणि अर्ध्या साक्षीविषयी नीतिसूत्रांत काय आहे ते पुढच्या रविवारी पाहू.

या वर्षीचा हंगामाचा सण परवा झाला. मंडळीच्या पंचांनी ठरविले होते की उपासनेनंतर दुकानातले काही वाटावयाचे नाही. प्रत्येक घराने पाच भाकरी आणाव्या, आणि तरुण संघातील पुरुषांनी मंदिरामागे तीन चुली मांडून कमी पडतील तितक्या भाकरी भाजाव्या. मीही बसलो. जोंधळ्याची माझी पहिली भाकर तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले, व बायका फार हसल्या. मटकीची उसळ, ठेचा, कांदा व करडईची भाजी होती. वचन पाठ केलेल्या मुलांस पूर्वीप्रमाणे चित्रे दिली.

ती बाईही आली होती, पदराखाली भाकरींचे फडके घेऊन; या वेळी तिने ते सर्वांसमोर सोडले. तिच्या थोरल्या मुलाने अर्धी भाकर खाल्ली व अर्धी धाकट्यास दिली. मग माझ्याकडे येऊन त्याने पुडीविषयी विचारले, आणि नाही म्हणताच थोडा रुसलाही.